‘न्हाय’चं लोणचं

मॅडम,

‘प्रिय’ लिवू का ‘आदरणीय’, ह्यात मी कागद खराब करीत बसत न्हाय. कायबी लिवलं असतं तरी तुम्ही लाल पेनानं खोडलं असतं आन म्हणला असता, "तात्या, मुद्द्यावर या." येतो.

परवा तुमची शोकसभा झाली. आपल्याच ग्रंथालयाच्या वाचनगृहात. टेबलं कडेला सारली, फोटोला हार घातला, दोन समया लावल्या. पंख्यानं एक समई सारखी विझत हुती, आन एक जण नुस्ता ती लावायच्या कामावर हुता! मोठी माणसं उठून बोलली. एक म्हणला, मॅडमनी विद्यापीठाच्या ग्रंथालयात कॉम्प्युटर आणला. दुसरा म्हणला, शिस्त आणली. तिसऱ्यानं शेटे मॅडमचं शेट्टी मॅडम केलं आन शेवटपतोर तसंच रेटलं. तुम्ही असता तर पदर तोंडाला लावून हसला असता.

मग माझं नाव पुकारलं. "मॅडमच्या हाताखाली काम केलेले आमचे जुने तात्या चौगुले दोन शब्द बोलतील." मी उभा राहिलो. पोटात पोतंभर हुतं. तोंडातनं एकच शब्द आला. "न्हाय." आन खाली बसलो.

लोकास्नी वाटलं, म्हातारा गहिवरला. गहिवर कसला वो! मी भ्यालो. तुम्ही खरं काय केलं ते सांगायचं, तर मी काय हुतो ते आधी सांगाय लागतं. ते ठाऊक असलेली दोनच माणसं हुती. एक तुम्ही, गेलासा. दुसरी त्या सभेत मागच्या खुर्चीवर बसून माझ्याकडं टक लावून बघत हुती. रंजना. सभा झाल्यावर तिनं मला एक गोष्ट सांगितली, आन तवापास्नं मला बसवत न्हाय. म्हणून लिवतोय. न्हायतर मी आन पत्र!

तुम्ही आलासा तो दिवस मला चांगला आठवतोय. नव्वद सालानंतरची गोष्ट. गडहिंग्लजकडच्या, घरात कानडी बोलणाऱ्या, कपाळावर विभूतीची बारीक रेघ, हातात कापडी पिशवी. मी मनात म्हणलं, ही बाई एक उन्हाळाबी काढायची न्हाय. चार ग्रंथपाल बघितलेला माणूस मी. सगळे यायचे, केबिनचा पडदा बदलायचे आन जायचे.

तुम्ही पडदा बघितलाच न्हाय. सरळ माझ्या खिडकीशी येऊन उभ्या राहिलासा.

तवा पुस्तकांच्या खोलीत पोरास्नी जाता यायचं न्हाय. पोरानं चिठ्ठी लिवायची, खिडकीतनं द्यायची, मी आत रॅकात जाऊन पुस्तक आणायचं. मिळालं तर मिळालं. न्हाय तर चिठ्ठीवर शेरा मारून परत. ‘उपलब्ध नाही’ एवढं लिवत कोण बसतंय? मी जसं बोलतो तसंच लिवायचो. न्हाय.

तुम्ही इचारलं, "तात्या, ह्या न्हायच्या चिठ्ठ्या कुठं जातात?"

"पोरं टाकत्यात केराच्या टोपलीत."

"ठेवत का नाही आपण?"

"ठेवून काय करायचं? लोणचं घालायचं?"

दुसरं कुणी असतं तर माझ्यावर मेमो निघाला असता. तुम्ही दुसऱ्या दिवशी घरनं चिनी मातीची बरणी आणली! बाहेरनं पांढरी, गळ्याला तांबडी, आतनं मोहरीचा वास मारणारी. खिडकीशेजारी ठेवली आन म्हणलासा, "घालूया की लोणचं. परत जाणारी प्रत्येक चिठ्ठी ह्यात." पोरं लागली हसायला. मला वाटलं, ही माझीच चेष्टा चाललीय.

त्या दिवसापास्नं सांजच्याला खिडकी बंद करताना तुम्ही जाता जाता इचारायचा, "तात्या, आज किती इल्ला?" कानडीत न्हाय म्हणजे इल्ला. पहिल्यांदा मी म्हणलं, "इल्ला म्हंजे कोण?" किती हसलासा!

बरणी शनवारी दुपारी उघडायची असं ठरलं. त्यासाठी पोरं पाहिजे हुती. मला वाटलं, तुम्ही हुशार, पहिल्या नंबरची गोळा करणार. तर म्हणलासा, "तात्या, खिडकीशी सगळ्यात जास्त भांडतात त्यांची नावं द्या." आता बया! मी आनंदानं सहा नावं दिली. एकजात कटकटी. त्यातली पहिली रंजना.

राधानगरीच्या वरच्या अंगाला तिची वाडी. पहिल्या एसटीनं यायची, पाचच्या गाडीनं परत. पावसाळ्यात तिकडं कसला पाऊस असतोय ते सांगायला नको. पुस्तकं खताच्या पिशवीत गुंडाळून आणायची. अर्थशास्त्राला हुती. अंगानं चिपाड, पण तोंड? तालमीतल्या वस्तादानं ऐकावं असं.

शनवारी तुम्ही टेबलावर बरणी उपडी करायचा. चहा सांगायचा. पोरं चिठ्ठ्यांचे ढीग लावायची. एक, पुस्तक दुसऱ्यानं नेलंय. दोन, ग्रंथालयानं घेतलंच न्हाय. आन त्या ढिगांत पोरांचं मन दिसायचं वो! जोतिबाच्या यात्रेहून आलेल्या एकानं गुलालाच्या हातानं चिठ्ठी लिवलेली. एकानं पुस्तकाच्या नावाच्या जागी लिवलेलं, "पाटील सर वर्गात दाखवतात ते." तुम्ही त्या पाटील सरांस्नी जाऊन इचारून आलासा, कुठलं पुस्तक ते! मी म्हणलं, एवढी लाडीगोडी कशाला? पोरानं नीट लिवाय नको? तुम्ही म्हणलासा, "त्याला नीट लिहायला कुणी शिकवलंय का, तात्या?"

मला राग यायचा. शनवारी चारला आमच्या पेठेची फुटबॉलची मॅच असायची, आन तुमचं आपलं लोणचं चाललेलं.

तिसऱ्या का चौथ्या शनवारी तिसरा ढीग तयार झाला. तोच सगळ्यात उंच. पुस्तक जाग्यावर असून न्हाय म्हणलेल्या चिठ्ठ्या.

आता सांगतो. सभेत जे सांगता आलं न्हाय ते.

मॅडम, मला इंग्रजी वाचता येत नव्हतं. सातवी मराठी शाळेत. मराठी पेपर मी पहिल्या पानापास्नं शेवटच्या पानापतोर वाचतो, कुणी मध्ये बोललं तर खवळतो. पण आमच्या टायमाला इंग्रजी सातवीनंतर. आकडे यायचे, अक्षरं न्हाय. आन आत रॅकात निम्मी-अर्धी पुस्तकं इंग्रजी!

मग कसं चालवलं? रंगावर. अर्थशास्त्राचं ते जाड, तांबड्या पाठीचं, उंदरानं कोपरा खाल्लेलं. इतिहासाचं ते निळं, उभं ऱ्हात न्हाय. पोरानं नाव घेतलं की माझ्या डोळ्यापुढं पाठ उभी राहायची. गवळ्याला म्हशी ओळखाय येत्यात तसं. एकबी चुकायचो न्हाय. साहेब लोक म्हणायचे, तात्या म्हंजे चालतंबोलतं कपाट.

तुम्ही यायच्या आधल्या वर्षी बायंडिंगचं काम निघालं. गाडीभर पुस्तकं गेली आन महिन्याभरानं आली. सगळी हिरवी! एकाच रेक्झिनची, पलटणीसारखी एका उंचीत कापलेली. पाठीवर सोनेरी इंग्रजी. सगळे म्हणले, वा, काय देखणं! मी रॅकापुढं उभा राहिलो, तर एकबी पाठ वळखंना. माझं सगळं गावच कुणीतरी उचलून नेलतं.

चिठ्ठीवर नंबर असता तर आकड्यावरनं काढलं असतं. पण पोरं नंबर लिवायचीच न्हाईत. ती कार्डांची कपाटं कशी बघायची ते त्यांस्नी कुणी दाखवलंच नव्हतं. त्यांस्नी नंबर म्हाईत न्हाय, मला अक्षर म्हाईत न्हाय. मधी आडवी एक खिडकी. मग मी आत जायचो, पाच मिनिटं हिकडं तिकडं करायचो, आन येऊन लिवायचो, न्हाय.

त्या शनवारी रंजना म्हणली, "तात्या, हे पुस्तक आत हाय."

"न्हाय."

"मी बघून आलो. मॅडमनी मला आत सोडलतं. तिसरा रॅक, खालनं दुसरी फळी."

"तुला लई कळतंय? मग मी काय एवढी वर्सं हितं हजामत करतोय?"

तिनं वहीतनं तीन चिठ्ठ्या काढल्या. आधल्या वर्षाच्या. नीट घडी करून ठेवलेल्या, पोथीत पान ठेवतात तशा. "बघा की. तुमचंच अक्षर. न्हाय. न्हाय. न्हाय. त्याच पेपरला मी नापास झालो, तात्या. आता ऑक्टोबरला परत बसतोय. सुटला तर सुटला. न्हायतर घरी लगनासाठी पावणं बघून ठेवल्यात."

मी काय बोललो ठाऊक हाय नव्हं? "कुणीतरी आत्ता आणून ठेवलं असंल! पोरीच्या जातीला एवढी भांडायची हौस कशाला?" असं म्हणून मी मॅचला निघून गेलो. मॅच हरलो. बरं झालं. त्या दिवशी जिंकलो असतो तर मला खाल्लेलं पचलं नसतं.

सोमवारी ग्रंथालय उघडायच्या आधी तुम्ही येऊन बसलेला. टेबलावर तीन हिरवी पुस्तकं. म्हणलासा, "तात्या, ह्यातलं अर्थशास्त्राचं कुठलं?"

"चष्मा घरी ऱ्हायला."

"खिशात आहे तुमच्या."

मी उभाच. खिसा हातानं झाकला. मला वाटलं, गेली नोकरी. वाटलं, आता ही बाई सगळ्यांपुढं माझा तमाशा करणार.

तुम्ही खुर्ची सरकवली आन म्हणलासा, "बसा. मी चौथीपर्यंत कानडी शाळेत होते. वडिलांनी पाचवीला एकदम मराठी शाळेत घातलं. एक अक्षर येत नव्हतं. शेजारची मुलगी वाचायची ते ऐकून पाठ करायचे आणि पानावरचं चित्र बघून म्हणायचे. वर्षभर कुणाला कळलं नाही. मग गुरुजींनी नवीन पुस्तक आणलं. त्यात चित्रंच नव्हती."

"मग?"

"मग काय! इल्ला."

मी हसलो का रडलो, आता आठवत न्हाय. एवढंच इचारलं, "कुणाला सांगणार?"

"सांगायचं काय त्यात? पुस्तकं सापडत नाहीत, एवढंच खरं. ते मुलांना घेऊन दुरुस्त करू."

आन केलं! पुढच्या शनवारी पोरांपुढं तुम्ही काय म्हणलासा? "चिठ्ठीवर नंबर नाही, रॅकवर पाटी नाही, सगळी पुस्तकं एका रंगाची. ह्यात कुणालाच पुस्तक सापडणार नाही. काय करायचं, तुम्ही सांगा." माझं नावसुदीक घेतलं न्हाय. मी दारात उभा राहून ऐकत हुतो, मान खाली घालून.

एक पोरगं म्हणलं, सगळं परत बांधून घ्या. दुसरं म्हणलं, नवीन माणूस ठेवा. मी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं चहाच सांडला. मग रंजना म्हणली, "मॅडम, आमच्याकडं म्हशी डोंगराला सोडत्यात. सगळ्या काळ्याच. मग घरागणिक शिंगास्नी येगळा रंग लावत्यात. ज्याचा त्याचा. लांबनं कळतंय, कुणाची कुठली."

झालं की मग! सहा कटकट्यांनी आठ दिवस बसून पुस्तकांच्या पाठीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या. अर्थशास्त्राला तांबडी, कारण मी म्हणलं, ते आधी तांबडंच हुतं. रॅकावर मराठीत पाट्या लावल्या. जुन्या पोरांनी नव्या पोरांस्नी कार्डाच्या कपाटापाशी नेऊन नंबर कसा शोधायचा ते दाखवायचं ठरलं. मास्तर शिकवतोय तर पोरं जांभया देत्यात, पण पोरानं पोराला शिकवलं की कसं पटदिशी कळतंय! हे तुम्हाला आधीच ठाऊक हुतं का वो?

सगळंच बरं झालं असं न्हाय. पोरास्नी आत रॅकात सोडायचं तुमच्या मनात आलं, मी हात जोडून सांगितलं, नको. तुम्ही सोडलंच. पंधरा दिवसांत तांबडी निळ्यात, निळी पिवळ्यात. एका पुस्तकाची तर कुणीतरी ब्लेडनं पानंच कापून नेली. "बघा!" मी म्हणलं. लई गोड वाटलं मला त्या दिवशी. तुम्ही रागावलासा, पण दार बंद केलं न्हाय. ज्या पोरांनी घोळ घातला त्यांनाच एकेक फळी वाटून दिली. "ही तुझी. बिघडली तर तुला विचारणार." ती फळी पोरं घरच्या देव्हाऱ्यासारखी पुसाय लागली.

मग आठ वाजताचं भांडण. बाहेरगावच्या गाड्या साडेसातला यायच्या, ग्रंथालय अकराला उघडायचं. पोरं पायरीवर बसायची. बरणीत चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या, आठला उघडा. मी म्हणलं, जमायचं न्हाय. मला घरची म्हस हाय, दूध घालायचं असतंय. तुम्ही वाद घातला न्हाय. "किल्ली माझ्याकडं द्या," म्हणलासा, आन महिनाभर स्वतः येऊन कुलूप काढलं. ग्रंथपाल बाई शटर वर ओढतीय, आन मी पेठेत चहा पितोय! शेवटी आमची बायकोच म्हणली, "लाज वाटती का न्हाय? दूध मी घालतो." तवा किल्ली परत घेतली.

पहिल्याच सकाळी रंजना खिडकीशी. म्हणली, "तात्या, ते पुस्तक मला रोज आठला टेबलावर पाहिजे. आन देताना पाठीवरचं नाव मला वाचून दाखवायचं. तुम्ही."

माझं रगत पेटलं. हिला कसं कळलं? म्हंजे बाईंनी सांगितलं!

मॅडम, आता तुम्हाला आठवत असंल ते लिवतो. मी तुमच्या केबिनमध्ये गेलो आन दार न लावता बोललो. "सांगितलासा नव्हं पोरीला?" तुम्ही म्हणलासा, "नाही, तात्या." मी म्हणलं, "बाईमाणसाच्या पोटात काय ऱ्हातंय व्हय?" तुम्ही माझ्याकडं बघितलं. दुसऱ्यांदा ‘नाही’ म्हणलासा न्हाय. समोरची फायल उघडली आन वाचाय लागलासा.

मी ते कबुली म्हणून धरलं. तुमचा राग माझ्यात काट्यासारखा मोडून ऱ्हायला.

पोरीला मात्र वाचून दाखवलं. काय करणार? रोज आठला. पहिल्या दिवशी एक अक्षर. ती बोट ठेवायची, मी म्हणायचो. पोरगीबी कशी! चुकलं तर म्हणायची, "न्हाय." शेरा मारल्यासारखी. बरोबर आलं की म्हणायची, "हाय." तिचा अभ्यास आन माझी बाराखडी एकाच टेबलावर. गणपती झाले, दसरा झाला. दसऱ्यापतोर मला पुस्तकाचं आख्खं नाव वाचता याय लागलं. अर्थ इचारू नका!

ऑक्टोबरला पोरगी बसली. निकालाच्या दिवशी आली ती खिडकीशी न येता सरळ आत आली, आन चिठ्ठी पुढं केली. पुस्तकाच्या नावाच्या जागी लिवलतं, "पेपर सुटला का?" मी पेन घेतलं, शेऱ्याच्या जागी काय लिवायचं ते तिच्या तोंडाकडं बघून लिवलं. हाय. ती चिठ्ठी तुम्ही बरणीत टाकली. म्हणलासा, "लोणच्यात एक गोड फोड." बघून ठेवलेलं पावणं परत गेलं. पोरगीनं पुढं ग्रंथालयाचाच कोर्स केला.

आन मी? मी तुमच्याशी कामापुरतं बोलत ऱ्हायलो. वर्षानुवर्षं. सांजच्याला तुम्ही इचारायचा, "आज किती इल्ला?" मी नुस्ता आकडा सांगायचो. कमी कमी होत गेलेला आकडा. तुम्ही हसायचा, मी किल्ल्या मोजायचो. माझ्या निवृत्तीच्या दिवशी तुम्ही भाषणात म्हणलासा, "तात्यांना माहीत नसलेलं एकही पुस्तक ह्या इमारतीत नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, टोमणा मारला! शाल घेतली आन चहा न घेताच घरला आलो. असला माणूस मी.

मग कॉम्प्युटर आले, चिठ्ठ्या गेल्या, तुम्हीबी निवृत्त झालासा. तुम्ही आजारी हाय म्हणून कुणीतरी सांगितलं. जाऊन येऊ, म्हणलं. मग म्हणलं, पुढच्या आठवड्यात. काटा आत हुताच की. आन तुम्ही? एक निरोप तरी धाडायचा हुता! "तात्या, या आन भांडून जावा," एवढंच. आलो असतो वो मी. भांडायला मी कवा न्हाय म्हणलंय?

परवा सभा संपल्यावर रंजना माझ्यापाशी आली. आता तिच्या वाडीकडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल हाय. केसात पांढरं आलंय, तोंड तसंच. मी तिला म्हणलं, "मॅडमनी तुला माझं सांगायला नको हुतं. एवढंच चुकलं त्यांचं."

"काय सांगितलं मॅडमनी?"

"मला इंग्रजी वाचाय येत न्हाय ते."

"तात्या! मॅडमनी कुठं सांगितलं? पट्ट्या चिकटवताना तुम्ही पुस्तक उलटं धरलतं. हिरवं, मधी सोनेरी, सगळं उलटं. आन मला म्हणला, हे बघ, नाव कसं झकास छापलंय. मी काय बोललो न्हाय. मॅडमना मी कितीदा इचारलं, तात्यास्नी इंग्रजी वाचाय येतंय का? दर बारीला म्हणायच्या, आपलं काम काय ते बघ."

एवढी वर्सं! एवढी वर्सं तुम्ही माझं झाकलं, आन मी तुमच्यावरच रुसून बसलो. तुम्ही एकदाच खरं बोललासा, "नाही, तात्या," आन मी, ज्यानं आयुष्यभर खोटं ‘न्हाय’ लिवलं, त्यानं तुमचं खरं ‘नाही’ मानलं न्हाय. का वो परत सांगितलं न्हाय? एकदा टेबलावर हात आपटून सांगितलं असतं तर? का तुम्हाला वाटलं, ज्याला लाज वाटतीय त्याला आणखी कशाला रेटायचं? चित्रं नसलेलं ते पुस्तक तुम्ही विसरला नव्हतासा, व्हय नव्हं?

माफी मागायची मला सवय न्हाय. लिवली, एवढं समजून घ्या.

तुम्ही बरणी रंजनाला देऊन गेलासा, हेबी तिनंच सांगितलं. तिच्या कॉलेजात खिडकीशेजारी ठेवलीय. ग्रंथालय आठला उघडतंय, शनवारी पोरं चिठ्ठ्यांचे ढीग लावत्यात. येत्या सोमवारी तिथं नवी पोरं यायची हाईत. ग्रंथालय कसं वापरायचं ते त्यांस्नी पहिल्या दिवशी जुनी पोरं दाखवत्यात. रंजना म्हणली, "तात्या, तुम्ही या. बोला दोन शब्द."

सवयीनं मी म्हणलं, "न्हाय."

ती म्हणली, "इल्ला?"

तिच्या तोंडात तुमचा शब्द! मग मात्र मॅडम, समई विझंना का पेटंना, मी त्या सगळ्या मोठ्या माणसांच्या मधी उभा राहून लहान पोरासारखा रडलो.

जाणार मी. सोमवारी पहिली एसटी धरणार. हार नको, शाल नको, खुर्चीबी नको, आधीच सांगून ठेवलंय. पोरांच्या पुढं उभा राहून सांगणार, की मी ह्या ग्रंथालयाच्या धंद्यात जन्म घालवला आन मला इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यापायी एका पोरीचं वर्ष गेलं. ती पोरगी ही, तुमची मॅडम. आन जिनं माझी अब्रू न घालवता आम्हा दोघांस्नी शिकवलं, तिचं नाव शेटे. शेट्टी न्हाय! पुस्तक मिळालं न्हाय तर चिठ्ठी फेकू नका, म्हणावं. भांडा. बरणीत टाका. आन खिडकीच्या आतला माणूस सारखं न्हाय म्हणत असंल, तर त्यालाबी एकदा इचारा, तुला काय येत न्हाय?

हे पत्र त्या बरणीत टाकणार हाय. तुमच्या पत्त्यावर दुसरं कुठनं पोचायचं? वर कोपऱ्यात शेऱ्याची जागा सोडलीय. पेन तिथं टेकवलं की हात अजून जुन्या सवयीनं ‘न’ काढायला जातोय. पण लिवलंय.

हाय.

तुमचा,
तात्या चौगुले
शिवाजी पेठ, कोल्हापूर